निर्लेप : न चिकटण्याच्या इतिहासाविषयी

१

मराठीत चिकटण्याविषयीचे शब्द मुबलक आहेत. पिठाची ती खळ, बाभळीचा तो डिंक, जनावरांच्या हाडाकातड्यांपासून शिजवून काढतात तो सरस, किड्यांनी फांदीवर साठवलेली ती लाख आणि फणसातून ओघळतो तो चीक. प्रत्येक द्रव्याचा उगम निराळा, म्हणून नावही निराळे. क्रियापदांचीही तीच गत : चिकटणे, डकवणे, सांधणे, जडणे, बिलगणे. हे शब्द वस्तूंपुरते राहिले नाहीत. माणूस चिकट असतो, स्वभाव चिवट असतो, सवय जडते आणि जीवही जडतो.

न चिकटण्याच्या बाबतीत मात्र आपली भाषा हात आखडता घेते. 'पालथ्या घड्यावर पाणी' आणि 'अळवावरचे पाणी' हे दोन प्रयोग चटकन आठवतात. पहिल्यात उपदेश न घेणाऱ्याविषयीचा वैताग आहे, दुसऱ्यात टिकाऊ नसलेल्या सुखाविषयीचा विषाद. दोन्ही ठिकाणी न चिकटणे हा उणेपणाच ठरतो. त्याला गौरवाचे स्थान देणारा एकच शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे 'निर्लेप'. हा संस्कृतातून, अध्यात्माच्या परिभाषेतून आलेला शब्द. ज्याला कर्माचा वा विषयांचा लेप लागत नाही, तो निर्लेप. गंमत अशी, की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच शब्द मराठी स्वयंपाकघरात तव्याच्या रूपाने आला. औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) भोगले कुटुंबाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नॉन-स्टिक भांड्यांचा उद्योग उभारला आणि त्याचे नाव ठेवले 'निर्लेप'. २०१८ साली बजाज इलेक्ट्रिकल्सने तो विकत घेतला. पण कित्येक घरांत आजही न चिकटणारा कोणताही तवा 'निर्लेपचा तवा' म्हणूनच ओळखला जातो. मोक्षमार्गावरचा एक शब्द इतक्या सहजपणे धिरड्याखाली येऊन बसावा, हे भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय तव्याहूनही साधा आहे. चिकटपट्टीच्या पाठीवर एक लेप असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, हाताला जाणवत नाही, आणि त्याचे नाव सामान्य माणसाला ठाऊक नसते. तो नसता तर चिकटपट्टी ही वस्तूच आजच्या रूपात अस्तित्वात आली नसती. या अदृश्य लेपाचा इतिहास, मुंबईच्या उपनगरांशी असलेले त्याचे नाते, आणि त्यातून साहित्याच्या विद्यार्थ्यापुढे उभे राहणारे काही प्रश्न यांचा विचार येथे करायचा आहे.

२

प्रश्न काय आहे, तो आधी नीट पाहू. चिकटपट्टीवरचे द्रव्य दाबाने चिकटणारे असते. त्याला पाणी लागत नाही, उष्णता लागत नाही, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. बोटाचा दाब पुरतो. आता अशी पट्टी स्वतःभोवती गुंडाळली, की तिचा चिकट पोटाकडचा भाग आतल्या वेढ्याच्या पाठीवर येऊन बसतो आणि गुंडाळीच्या ताणाने महिनोन्‌महिने दाबला जातो. म्हणजे चिकटण्याची सर्वांत आदर्श परिस्थिती गुंडाळीच्या आतच निर्माण होते. तरीही एके दिवशी कुणीतरी नखाने टोक उचलून पट्टी ओढली, की ती निमूट सुटली पाहिजे. शिवाय सुटताना द्रव्य मागे राहता कामा नये, आणि सुटल्यावर तीच पट्टी कागदावर घट्ट बसली पाहिजे.

यात बलांची एक उतरंड आहे. द्रव्य स्वतःच्या पट्टीला सर्वांत घट्ट धरून असले पाहिजे. त्याखालोखाल ते आपसांत एकसंध राहिले पाहिजे, म्हणजे त्याचे दोन थर होऊन फाटता कामा नये. त्यानंतर परक्या पृष्ठभागावरची पकड. आणि सर्वांत कमी पकड स्वतःच्याच पाठीवर. ही उतरंड कोठेही उलटली, की पट्टी निकामी होते. हे साधण्यासाठी एका बाजूला पट्टी आणि द्रव्य यांच्यामध्ये पकड वाढवणारा अस्तराचा थर देतात, आणि दुसऱ्या बाजूला, पाठीवर, पकड कमी करणारा लेप.

या लेपाची अडचण त्याच्या दुहेरी स्वभावात आहे. त्याने द्रव्याला चिकटू द्यायचे नाही; पण पट्टीच्या पाठीला मात्र त्याने स्वतः घट्ट चिकटून राहायचे. तो पाठीवरून निसटून द्रव्यावर गेला, तर द्रव्याचा चिकटपणाच मारतो. निर्लेप तव्याचीही हीच कहाणी. टेफ्लॉनला काही चिकटत नाही, मग टेफ्लॉन तव्याला कसे चिकटते? त्यासाठी धातूचा पृष्ठभाग आधी खरवडून खडबडीत करावा लागतो. एका बाजूने बांधील आणि दुसऱ्या बाजूने अलिप्त, अशी ही अवस्था आहे. संसारात राहून अलिप्त राहण्याचा आदर्श आपल्या परंपरेने शतकानुशतके सांगितला; त्याचे भौतिक रूप इतके तंतोतंत सापडेल, अशी अपेक्षा कुणी केली नसेल.

तत्त्व नवे नाही. कोकणात फणस कापायला बसणारी बाई आधी हाताला आणि विळीला खोबरेल लावते. चीक मग हाताला धरत नाही. वड्या थापण्यापूर्वी ताटाला तुपाचा हात फिरवतात. पोळी लाटताना पिठी लावतात. तेल, तूप आणि पिठी ही तीन द्रव्ये म्हणजे न चिकटण्याचे घरगुती शास्त्रच. या ज्ञानाला आपण 'शास्त्र' म्हटले नाही, कारण ते बायकांच्या हातात होते आणि सवयीत मुरलेले होते.

३

चिकटपट्टीचा इतिहास सहसा गोंदाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्याचा नायक ठरलेला आहे : अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या थ्रीएम कंपनीचा तरुण कर्मचारी रिचर्ड ड्रू. मोटारींना दोन रंग देणाऱ्या कारागिरांची अडचण पाहून त्याने १९२५ साली मास्किंग टेप केली आणि १९३० साली पारदर्शक सेलोफेनची पट्टी बाजारात आणली. इंग्लंडमध्ये १९३७ साली सेलोटेप निघाली, आणि आपल्याकडे तेच नाव पुढे सामान्यनाम होऊन बसले.

पण याच इतिहासाकडे पाठीच्या बाजूने पाहिले, तर घटनांचा क्रम वेगळा दिसू लागतो. १८४५ साली अमेरिकेत रबर वापरून केलेल्या वैद्यकीय पट्टीचे पेटंट घेतले गेले, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जस्ताच्या भस्माची पट्टी आली. ही पट्टी साठवायची कशी, हा प्रश्न तेव्हापासूनचा. १९२० सालची एक प्रसिद्ध कथा आहे. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीतला अर्ल डिकसन हा कर्मचारी. त्याची पत्नी जोसेफिन स्वयंपाक करताना वारंवार बोट कापून घेई. डिकसनने चिकटपट्टीवर मध्ये कापडाची घडी ठेवून तयार पट्टी केली, आणि त्यातून बँड-एड जन्माला आली. ही कथा सांगताना एक तपशील बहुधा वगळला जातो. जखमेवरची घडी आणि चिकटपट्टी या दोन्ही गोष्टी आधीपासूनच होत्या. डिकसनने भर घातली ती क्रिनोलिन नावाच्या कडक, जाळीदार कापडाची. ते त्याने चिकट बाजूवर अंथरले, म्हणून पट्टी आधीच तयार करून ठेवता आली, आणि जोसेफिनला ती एकटीने कापून वापरता आली. या शोधाचे मर्म जितके चिकटण्यात आहे, तितकेच सोलून टाकायच्या त्या कापडात आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते कचरा. म्हणून कथेतूनही ते गळते.

१९५० साली थ्रीएमच्या कार्ल डालक्विस्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांना पाठीवरच्या लेपाचे एक पेटंट मिळाले. पॉलिव्हिनिल कार्बामेट नावाच्या बहुवारिकाच्या कण्याला १८ कार्बन अणूंच्या लांब साखळ्या जोडलेल्या, अशी त्याची घडण. कणा पट्टीला धरून राहतो आणि साखळ्या ब्रशच्या केसांसारख्या बाहेर उभ्या राहतात. द्रव्याला त्यांच्या टोकांखेरीज काही हाती लागत नाही. १८ कार्बनांची ही लांबी आपल्या ओळखीची आहे. स्टिअरिक आम्लाची साखळी एवढीच असते, आणि ते तुपात असते, कोकमाच्या तेलात तर विपुल असते. टाचांच्या भेगांवर कोकमेल चोळणारी कोकणातली आजी आणि मिनेसोटातला रसायनशास्त्रज्ञ यांच्या हाती एकाच जातीची साखळी होती.

दुसरा प्रवाह सिलिकॉनचा. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंगने आयुष्यभर सिलिकॉनच्या संयुगांवर काम केले. मात्र त्यांच्या व्यावहारिक उपयोगाविषयी तो फारसा आशावादी नव्हता. १९४० साली अमेरिकेत यूजीन रोशोने ती मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत शोधली आणि १९५० च्या दशकापासून सिलिकॉनचा लेप दिलेला कागद वापरात आला. कारखान्यांत त्याला 'रिलीज पेपर' म्हणतात. एका चौरस मीटर कागदावर जेमतेम १ ग्रॅमच्या आसपास सिलिकॉन पुरते.

सिलिकॉनला हे कसे जमते, याचे उत्तर बराच काळ पृष्ठभागाच्या ऊर्जेत शोधले गेले. पृष्ठऊर्जा जितकी कमी, तितके चिकटणे कमी, असा सरळ हिशेब. पण टेफ्लॉनची पृष्ठऊर्जा सिलिकॉनहूनही थोडी कमी असून चिकटपट्टी सोडण्यात सिलिकॉन सरस ठरतो. १९९५ साली न्यूबी, मनोज चौधुरी आणि ब्राउन या संशोधकांनी याचा एक उलगडा मांडला. सिलिकॉनच्या साखळ्या इतक्या चंचल असतात, की चिकट द्रव्य तिच्यावरून किंचित घसरू शकते, आणि या घसरण्यामुळे ते सोलणे सोपे होते. कठोर नकारापेक्षा थोडीशी हालचाल अधिक उपयोगी पडते, असे हे निरीक्षण आहे.

सुटणे ही क्रिया वाटते तितकी सौम्यही नाही. २००८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी निर्वात जागेत टेपचा साधा रोल उलगडला, तेव्हा त्यातून क्ष-किरण बाहेर पडल्याचे दिसले. आपण बोटाने सहज ओढतो त्या पट्टीच्या कडेला, अतिसूक्ष्म पातळीवर, केवढी उलथापालथ चालू असते याची कल्पना त्यावरून यावी.

४

आता मुंबईच्या उपनगरांकडे वळू. ज्या कंपनीत डिकसनने आपली पट्टी केली, तिची भारतातली कंपनी १९५७ साली स्थापन झाली आणि १९५९ साली तिचा कारखाना मुलुंडला, तेव्हाच्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर उभा राहिला. त्याच १९५९ साली, रुळांच्या दुसऱ्या जाळ्यावर, बळवंत पारेख यांनी फेविकॉल बाजारात आणले. त्यांच्या उद्योगाचा, म्हणजे पुढच्या पिडिलाइटचा, पत्ता अंधेरी पूर्वेचा. सुतारकामातला सरस शिजवावा लागे, त्याला वास येई, तो गरम असेतोवरच लावावा लागे. या पांढऱ्या गोंदाने सरसाची जागा घेतली, आणि सुताराच्या कामातून एक चूल कमी झाली. एकाच वर्षी एका उपनगरात निर्जंतुक पट्ट्यांशी नाव जोडलेली कंपनी आणि दुसऱ्या उपनगराशी जोडलेला गोंद, असा हा योग आहे. त्याला योगापलीकडे अर्थ देण्याचे कारण नाही; पण स्वातंत्र्यानंतरच्या दशकात मुंबईचा उद्योग कापडाकडून रसायनांकडे आणि बेटावरून उपनगरांकडे कसा सरकत होता, याची ही एक खूण नक्कीच आहे.

पारेख यांच्याविषयीची एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना विशेष वाटावी. कायद्याचे शिक्षण घेतलेला, छापखान्यात आणि लाकडाच्या वखारीत उमेदवारी केलेला हा उद्योजक अल्फ्रेड कोर्झिब्स्कीच्या 'जनरल सिमँटिक्स'चा निष्ठावान वाचक होता. त्यांच्या पुढाकाराने २००९ साली बडोद्याला या विषयाचे आणि मानव्यविद्यांचे एक केंद्र स्थापन झाले. कोर्झिब्स्कीचा आग्रह थोडक्यात असा, की शब्द आणि वस्तू एक नव्हेत. शब्द वस्तूला कायमचा चिकटला आहे असे समजू लागलो, की विचार बिघडतो. आयुष्यभर वस्तू एकमेकींना चिकटवणाऱ्याला शब्द वस्तूपासून सुटा ठेवण्याच्या विचाराने ओढून घ्यावे, यात मला विसंगती दिसत नाही. काय चिकटवावे आणि काय सुटे ठेवावे, हा विवेक दोन्हीकडे लागतो.

मोठ्या कारखान्यांच्या सावलीत लहान गाळे असतात. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत मोठमोठे जंबो रोल येतात. यंत्रावर त्यांच्या हव्या त्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या जातात, कागदी नळ्यांवर गुंडाळल्या जातात आणि खोक्यांत भरल्या जातात. खोकी बंद करण्याच्या तपकिरी पट्टीचा ओढताना होणारा कर्कश आवाज या गाळ्यांतल्या कामगारांच्या कानात कायमचा बसलेला असतो. पाठीवरचा लेप जितका कमी, तितका हा आवाज मोठा. वीजकामाच्या काळ्या पट्टीचे गणित त्याहून निराळे. ती तारेभोवती स्वतःवरच गुंडाळली जाते, म्हणून तिला स्वतःच्या पाठीवरही पुरेसे चिकटावे लागते. तिची पाठ फार निर्लेप असून चालत नाही. प्रत्येक धंद्याला सुटण्याचे आपापले माप हवे असते.

या कामगारांचे साहित्य कोठे आहे? गिरणगावाची गाथा आपल्याकडे आहे. नारायण सुर्वे यांच्या कवितेपासून नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मौखिक इतिहासातून उभ्या केलेल्या ग्रंथापर्यंत परळ-लालबागच्या जगाला शब्द मिळाले. १९८२ चा संप मराठी मनात एक युगान्त म्हणून नोंदला गेला. पण त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत हे घाटकोपरला दवाखाना चालवणारे डॉक्टर होते, आणि गिरण्यांत शिरण्यापूर्वी त्यांचा जम बसला तो उपनगरांतल्या खाणकामगारांत आणि कारखान्यांत, याचे भान साहित्यविचारात क्वचितच दिसते. गिरणीला भोंगा होता, चिमणी होती, चाळ होती, तिची दृश्ये डोळ्यांपुढे उभी राहत. रसायनांच्या कारखान्यात उंच भिंत, फाटक आणि बस. आत काय चालते, ते बाहेरच्याला कळत नाही, आणि आतले काम इतके तुकड्यातुकड्यांचे, की तेथल्या माणसालाही आपण नेमके काय बनवतो ते सांगणे कठीण. चिकट द्रव्याच्या पाठीवरचा, दिसू नये म्हणूनच बनवलेला लेप ही या कामाची योग्य प्रतिमा ठरेल.

५

आता एका इवल्याशा वस्तूकडे पाहू, जी या सगळ्या इतिहासाला थेट मराठी कपाळावर आणते. ती म्हणजे टिकली.

टिकलीपूर्वीचे कुंकू हेही चिकटवण्याचेच तंत्र होते. फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी असे. कपाळावर आधी मेणाचा ठिपका, त्यावर कुंकू. मेण कुंकवाला धरून ठेवी. घामाने, पाण्याने कुंकू पसरे, पुसले जाई, पण 'काढून ठेवता' येत नसे. कुंकू लावायचे असते किंवा पुसायचे असते. या दोन क्रियापदांमध्ये सौभाग्य आणि वैधव्य यांचे सारे समाजशास्त्र सामावलेले होते. व्ही. शांताराम यांच्या १९३७ सालच्या चित्रपटाचे नावच 'कुंकू' होते, आणि लादलेला विवाह नाकारणाऱ्या स्त्रीची ती कथा होती. कपाळावरच्या एका खुणेत किती जबरदस्ती साठवता येते, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागले नाही.

टिकलीने तिसरे क्रियापद आणले : काढणे. मखमली कापडाचा वा प्लॅस्टिकचा ठिपका, मागे दाबाने चिकटणारे द्रव्य आणि खाली सिलिकॉनचा कागद. टिकली कागदावरून सुटते आणि कपाळावर बसते. रात्री कपाळावरून निघते आणि आरशावर जाते. न्हाणीघरातल्या आरशाच्या कडेला ओळीने लावलेल्या टिकल्या हे मध्यमवर्गीय मराठी घराचे एक परिचित दृश्य. लावणे आणि पुसणे यांमध्ये 'तात्पुरते काढणे' हा पर्याय आला, रंग आणि आकार रोज बदलता येऊ लागले, आणि खूण हळूहळू अलंकाराकडे झुकली. हे परिवर्तन केवळ तंत्रज्ञानाने घडले असे म्हणणे चुकीचे होईल. स्त्रियांचे शिक्षण, नोकऱ्या, लोकलचा प्रवास हे सारे त्यामागे आहे. पण सुटण्याची सोय असलेली वस्तू हाताशी असणे ही त्या परिवर्तनाची एक अट होती. खुणेचा जाच मात्र त्यामुळे संपला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवेचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला तो मे २०२२ मध्ये, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले.

टिकलीला आणखी एक काळी, खरे तर पांढरी, बाजू आहे. तिच्या चिकट द्रव्यात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफेनॉल या रसायनाचा अंश असला, तर काही स्त्रियांच्या कपाळावर नेमक्या टिकलीच्या जागी त्वचेचा रंग जातो. १९९० साली अलाहाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या समाजात अंगावरचा पांढरा डाग 'कोड' म्हणून पाहिला जातो, लग्ने मोडतात, हातचे पाणी नाकारले जाते, तेथे हा ठिपका केवळ वैद्यकीय राहत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००६ सालच्या 'नितळ' या चित्रपटाने कोडाविषयीच्या या सामाजिक धास्तीला थेट हात घातला. टिकलीमुळे जाणारा रंग आणि कोड या वैद्यकीयदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात कारण बाहेरचे असते, आणि टिकली वेळीच थांबवली तर काही जणींचा रंग परतही येतो. पण पाहणाऱ्याची नजर हा भेद करत नाही. सौभाग्याची खूण रोज निष्ठेने लावणाऱ्या स्त्रीच्या कपाळावर तीच खूण न निघणारा डाग सोडून जावी, यातला क्रूर विरोधाभास कोणा लेखकाने रचलेला नाही. तो रसायनातून आला आहे. आणि त्याची जबाबदारी स्वस्त गोंद वापरणाऱ्या उत्पादकावर पडते, नशिबावर नाही.

टिकली बनवणारे हातही बहुतांशी स्त्रियांचेच. उपनगरांतल्या चाळींत आणि वस्त्यांत टिकल्या कागदावर ओळीने लावण्याचे, खडे चिकटवण्याचे, पाकिटे भरण्याचे काम घरी आणून केले जाते आणि मोबदला नगावर मिळतो. कारखान्याची हजेरी नाही, म्हणून कामगार ही ओळखही नाही. २०१५ साली नाशिकच्या नीलवसंत वैद्यकीय प्रतिष्ठानाने एका टिकली उत्पादकाच्या आणि जाहिरात संस्थेच्या साथीने आयोडीनयुक्त टिकली ग्रामीण स्त्रियांना वाटण्याचा उपक्रम केला, तेव्हा टिकली हे स्त्रीपर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणून सर्वांच्या नजरेत भरले. त्या साधनामागे बसलेल्या स्त्रीपर्यंत तितकीच नजर पोहोचायला हवी.

६

शेवटी ग्रंथांविषयी, कारण या लेखाचे बहुतेक वाचक ग्रंथालयांत वावरणारे आहेत. जुन्या नियतकालिकांच्या फाटलेल्या पानांना सेलोटेप लावण्याची पद्धत आपल्या लहानमोठ्या ग्रंथालयांत दीर्घकाळ चालली. हेतू चांगला, परिणाम भयंकर. रबराचे द्रव्य हवेतल्या प्राणवायूने हळूहळू बदलते. आधी ते मऊ होऊन कागदाच्या तंतूंत मुरते, मग पिवळे आणि पुढे तपकिरी होते, कागद तेलकट पारदर्शक दिसू लागतो, आणि शेवटी वरची पट्टी गळून पडते. डाग तेवढा उरतो. जे पान वाचवायचे, त्याच पानातल्या ओळी नष्ट होतात. पट्टीच्या पाठीवर अलिप्ततेचा एवढा विचार केलेला असतो. पोटाकडच्या द्रव्यात मात्र, ते एकदा कागदाला लागल्यावर, सुटण्याची कोणतीच तरतूद नसते.

ग्रंथसंवर्धनाचे शास्त्र म्हणून उलट वाट धरते. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. ही खळ पन्नास वर्षांनीही ओलाव्याने सोडवता येते. संवर्धकाचा दंडक असा, की आज केलेली दुरुस्ती उद्याच्या माणसाला उलटवता आली पाहिजे. आपल्या आज्या पतंगाला आणि वहीच्या कव्हरला लावत होत्या तीच खळ, आधुनिक प्रयोगशाळेत सर्वांत विश्वासार्ह ठरली आहे.

हा दंडक समीक्षेलाही लागू करून पाहण्यासारखा आहे. आपण लेखकांना लेबले लावतो : ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, महानगरी. वर्गीकरणाशिवाय अध्यापन चालत नाही, हे खरे. पण लावलेले लेबल सुटण्याजोगे आहे का, आणि सुटताना मागे डाग सोडते का, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारावा. काही लेबले लेखकाच्या मृत्यूनंतरही कागदात मुरत राहतात, आणि मग मूळ अक्षरे वाचता येत नाहीत.

आणि एक काम तातडीचे आहे. मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंतच्या आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या कारखान्यांच्या कित्येक जागांवर आता मॉल आणि मनोरे उभे आहेत. १९६० आणि १९७० च्या दशकांत तेथे कामाला लागलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. लेपाच्या यंत्रावर उभे राहिलेले, जंबो रोल कापलेले, रात्रपाळीत भट्टीचे तापमान राखलेले लोक याच उपनगरांतल्या इमारतींत राहतात. या कामासाठी ते कोणते शब्द वापरत, लेप बिघडला तर काय म्हणत, हात धुण्यासाठी कोणते द्रावण वापरत आणि त्याचा त्वचेवर काय परिणाम झाला, पगार आणि संप यांच्या आठवणी काय आहेत, हे विचारायला मराठीच्या विद्यार्थ्यांनी आजच जायला हवे. कोशांत नसलेले कितीतरी शब्द तेथे सापडतील. एका महाविद्यालयाच्या एका वर्गाने एका वर्षात वीस मुलाखती घेतल्या, तरी उपनगरी कारखान्यांच्या भाषेचा पहिला संग्रह तयार होईल. त्यासाठी ध्वनिमुद्रक, वही आणि थोडा धीर एवढेच लागते. आणि ती माणसे आहेत तोवरच तो करता येईल.